नॅनोट्यूब कॅथोडचा क्ष-किरण स्रोत : प्रवाह स्थिर, मात्रा मात्र घटलेली

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे, कुठल्याही एका संस्थेचा अहवाल नाही. मराठवाड्यातल्या पदव्युत्तर भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत असा स्रोत उभा करायचा झाला तर भाग कुठून येतात, काय बिघडतं आणि बिघाड कसा शोधायचा, हे एकाच मांडणीवर दाखवलं आहे. आकडे गणिताने येतात तेच घेतले आहेत.

मांडणी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका प्रयोगशाळेला पेशींवर क्ष-किरण टाकण्यासाठी छोटा स्रोत हवा होता. पेशी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, 'सिहा' नावाच्या. पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मिळतात त्या. विषयाची निवड या भागाला धरून होती. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. तिच्या कक्षेत धाराशिव जिल्ह्यातले भूम आणि परंडा हे तालुकेही येतात, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या नोंदींत ठळकपणे दिसत आला आहे.

शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण रुग्णांच्या रांगेत उभ्या असलेल्या यंत्रावर महिनोन्‌महिने पेट्री डिश ठेवता येत नाहीत, आणि ठेवूही नयेत. साधी क्ष-किरण नळी विकत मिळते, मात्र तिचा तंतू दोन हजार अंशांच्या वर तापवावा लागतो आणि झोत मिलिसेकंदात चालू-बंद करणं किचकट होतं. कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा, कॅथोड थंडच असतो. समोरच्या जाळीला व्होल्टेज दिलं की इलेक्ट्रॉन निघतात, काढून घेतलं की थांबतात. उंदराच्या श्वासाशी जुळवून झोत सोडता येतो, एकाच नळीत कॅथोडची रांग लावता येते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात ओट्टो झोऊ यांच्या गटाने याच तत्त्वावर उंदरांसाठी सूक्ष्म-झोत किरणोपचाराचं टेबलावर मावणारं यंत्र बांधलं. त्याआधी असे झोत फ्रान्समधल्या ग्रेनोबलसारख्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे भल्यामोठ्या कणत्वरकावरच मिळत.

इथली मांडणी त्या मानाने साधी होती. कॅथोड २.५ × १३ मि.मी., त्यापुढे २०० मायक्रॉनवर टंगस्टनची जाळी, मध्ये अभ्रकाच्या चकत्या. पुढे केंद्रीकरण इलेक्ट्रोड आणि तांब्याच्या ठोकळ्यात बसवलेला टंगस्टनचा अॅनोड, ज्यावर इलेक्ट्रॉन आदळून क्ष-किरण निघतात. हे सगळं निर्वात चेंबरमध्ये. अॅनोडला ८० किलोव्होल्ट, कॅथोड जमिनीच्या जवळ. असं केलं की जाळीची आणि कॅथोडची इलेक्ट्रॉनिक्स हाताळण्याजोग्या व्होल्टेजवर राहते. त्याची किंमत म्हणजे अॅनोड तेलात थंड करावा लागतो.

कॅथोडमधून ५० मिलिअँपिअर, १ मिलिसेकंदाचे स्पंद, सेकंदाला २०; म्हणजे झोत एकूण वेळेच्या २ टक्केच चालू. जाळी ३५ टक्के इलेक्ट्रॉन अडवते, अॅनोडला साधारण ३३ मिलिअँपिअर पोचतात. सरासरी प्रवाह ०.६६ मिलिअँपिअर, सरासरी उष्णता ५३ वॅट. २.५ मि.मी. अॅल्युमिनियमच्या गाळणीनंतर १० सें.मी.वर मिनिटाला सुमारे ०.२ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) मिळतात. २ ग्रेची डिश दहा मिनिटांत होते. कुणी फ्लॅश किरणोपचाराचं, म्हणजे क्षणात मोठी मात्रा देण्याच्या पद्धतीचं नाव काढलं तर त्याला सेकंदाला ४० ग्रेच्या आसपासची मात्रा लागते. ऐन स्पंदातसुद्धा इथली मात्रा सेकंदाला ०.१७ ग्रेच्या वर जात नाही. त्या वाटेला जाऊ नये.

स्पंद १ मिलिसेकंदाचाच का, याचं उत्तर अॅनोडवर आहे. झोत २ × ६ मि.मी.च्या ठिपक्यावर पडतो आणि त्या क्षणी २.६ किलोवॅट उष्णता ओततो, कारण ८० किलोव्होल्टला जेमतेम अर्धा-पाऊण टक्का ऊर्जा क्ष-किरणांत जाते. १ मिलिसेकंदात पृष्ठभाग सुमारे ४४० अंशांनी तापतो, १० मिलिसेकंदांत १३८० अंशांनी. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतो म्हणून निर्धास्त राहू नये. रोजच्या अशा चढउतारांनी पृष्ठभागाला तडे जातात आणि तापलेला अॅनोड वायू सोडतो. या प्रकरणातली अर्धी कथा त्या वायूचीच आहे.

कॅथोड

कॅथोड प्रयोगशाळेतच, विद्युतकण-संचयनाने (द्रवातले प्रभारित कण विद्युतक्षेत्राने पृष्ठभागावर बसवून) केला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम नॅनोट्यूब, चिकटण्यासाठी बारीक काचपूड, आणि नळ्यांवर धन प्रभार यावा म्हणून थोडं मॅग्नेशियम नायट्रेट. हे मिश्रण अल्ट्रासॉनिक टाकीत नीट फोडून घ्यायचं. गुठळ्या राहिल्या तर कॅथोडवर उंचवटे येतात, आणि सगळा प्रवाह त्या दोन-चार उंचवट्यांतून जाऊन ते जळतात. थर बसला की निर्वात भट्टीत ४५० ते ५०० अंशांवर भाजायचा, म्हणजे काचपूड वितळून नळ्या पकडते. शेवटी चिकटपट्टी दाबून उचलायची; सैल नळ्या निघतात, उरलेल्या उभ्या राहतात.

पट्टी उचलल्यावर कॅथोड कोरड्या नायट्रोजनने झाडायचा. वर्कशॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, तिच्यात तेलाचा अंश असतो.

काय दिसलं

सुरुवातीला १५०० व्होल्टला ५० मिलिअँपिअर मिळाले. काही आठवड्यांनी तेवढ्याच प्रवाहासाठी जाळी-कॅथोडमध्ये १८५० व्होल्ट लागू लागले. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कॅथोडच्या पायात मॉस्फेटचं (हा ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) स्थिर-प्रवाह सर्किट होतं. जाळीला कायम २००० व्होल्ट, कॅथोडपासून जमिनीपर्यंत २ किलोओहम आणि मॉस्फेट. प्रवाह कमी पडतो असं दिसलं की मॉस्फेट स्वतःवरचं व्होल्टेज सोडून देतो. आधी त्याच्यावर ४०० व्होल्ट उरत होते, आता ५०. पडद्यावरचा आकडा दोन्ही वेळा ५० मिलिअँपिअरच होता.

घोटाळा उघड झाला तो फिल्मवर. गॅफक्रोमिक फिल्मने (किरण पडले की ती गडद होते) मोजलेली मात्रा १५ टक्क्यांनी कमी आली. प्रवाह, वेळ, अंतर, गाळणी, सगळं तेच. डिशला २ ग्रेऐवजी १.७ ग्रे मिळत होते.

पेशींच्या प्रयोगात याचा अर्थ काय होतो ते पाहावं. मात्रेवरून पेशी जगण्याचा अंदाज देणाऱ्या रेषीय-वर्गीय सूत्रात अल्फा ०.३ आणि बीटा ०.०३ धरले, तर २ ग्रेनंतर पेशी जगण्याचा वाटा ०.४९ येतो आणि १.७ ग्रेनंतर ०.५५. म्हणजे दोन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तुकड्यांत पेशी 'किरणांना दाद देईनाशा झाल्या' असा निष्कर्ष अगदी सहज लिहून होईल, आणि त्यावर एखादा प्रबंधही उभा राहील.

शोध

पहिला संशय नॅनोट्यूबवर गेला. तो नेहमीच तिकडे जातो, कारण मांडणीत नवी गोष्ट तीच असते. पण कॅथोड बदलण्याआधी फाउलर-नॉर्डहाइम आलेख काढावा; प्रवाह खरोखर विद्युतक्षेत्राने ओढलेल्या इलेक्ट्रॉनांचा आहे का, ते त्यावरून कळतं. व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत प्रवाह नोंदवायचा. आडव्या अक्षावर १/व्होल्टेज, उभ्या अक्षावर प्रवाह भागिले व्होल्टेजचा वर्ग याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. उत्सर्जन खरं असेल तर सरळ उतरती रेषा येते. कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अंतर २०० मायक्रॉन आणि क्षेत्रवर्धन (नळीच्या टोकाशी विद्युतक्षेत्र किती पटींनी वाढतं ते) १००० धरलं तर उतार सुमारे उणे १५,३०० व्होल्ट येतो. या उतारावर १५०० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज १० टक्के वाढवलं की प्रवाह तिप्पट होतो. अभ्रकाची चकती २० मायक्रॉनने पातळ बसली तरी तेच होतं. म्हणून चकत्या मायक्रोमीटरने मोजून, जोडीजोडीने लावायच्या.

आलेख वाचताना चार गोष्टी वेगळ्या करायच्या. उतार तोच, पण रेषा खाली सरकली, तर उत्सर्जन करणाऱ्या टोकांची संख्या घटली आहे. उतार तीव्र झाला, तर एक तर टोकं बोथट झाली किंवा त्यांच्यावर ऑक्सिजनसारख्या वायूचा थर बसून कार्यफल वाढलं. या दोहोंतला फरक आलेख सांगत नाही. तो भाजून पाहिल्यावरच कळतो. थर असेल तर उतार परत येतो, बोथटपणा परत येत नाही. आणि कमी व्होल्टेजला, जिथे उत्सर्जन शून्यच असायला हवं, तिथे व्होल्टेजच्या प्रमाणात प्रवाह दिसला तर तो उत्सर्जनाचा नाहीच; ती गळती.

इथे ५०० व्होल्टला २ मिलिअँपिअर वाहत होते. त्या क्षेत्राला उत्सर्जन मोजण्याइतकंही नसतं. म्हणजे जाळी आणि कॅथोड यांच्यामध्ये कुठेतरी २५० किलोओहमची वाट तयार झाली होती. १८५० व्होल्टला त्याच वाटेने ७.४ मिलिअँपिअर जातात. सर्किट ५० मिलिअँपिअर मोजतं, त्यातले खरे उत्सर्जनाचे ४२.६, आणि त्यांच्या ६५ टक्के म्हणजे २७.७ मिलिअँपिअर अॅनोडला. ३२.५ च्या जागी २७.७, म्हणजे जवळपास १५ टक्के घट. फिल्म खरं बोलत होती.

गळती वजा करून आलेख पुन्हा काढला तेव्हा उतार उणे १९,१०० च्या आसपास आला. म्हणजे दोन वेगळे बिघाड होते, आणि दोन्हीचं मूळ एकच निघालं.

चेंबर उघडल्यावर अभ्रकाच्या चकत्यांच्या कडेला तपकिरी, तेलकट, जळकट पट्टा दिसला. बोट फिरवलं तर निघत नव्हता. निर्वातासाठी मागे बसवलेल्या, तेलावर चालणाऱ्या रोटरी पंपाच्या तेलाची वाफ आत आली, इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या माऱ्याने तिचं विघटन झालं आणि कार्बनचा थर चकतीवर साचला. तोच तो २५० किलोओहम.

तेल आत कसं आलं

टर्बो पंप (चेंबरला जोडलेला, वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा), निर्वातमापी, संगणक आणि उच्च-व्होल्टेज पुरवठा, सगळे यूपीएसवर होते. रोटरी पंप मात्र थेट लाईटवर. त्याची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून लहान यूपीएसवर तो बसत नाही आणि बहुतेक ठिकाणी असाच बाहेर ठेवला जातो. लाईट गेली की रोटरी थांबायचा आणि टर्बोच्या मागचा दाब चढायचा. टर्बो फिरत असला तरी मागचा दाब काही मिलिबारच्या घरात गेल्यावर तेलाची वाफ अडवू शकत नाही. रोटरीचा उलट-प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. आणि एवढं होत असताना झोत चालूच, कारण निर्वात बिघडला की जाळीचा पुरवठा तोडणारी साखळीच जोडलेली नव्हती. बिघडत्या निर्वातात झोत चालू राहिला की वायूचे आयन थेट कॅथोडवर आदळतात आणि नळ्यांची टोकं झिजवतात.

लाईट जाण्याच्या नोंदी आणि मॉस्फेटवरच्या व्होल्टेजची नोंद शेजारी ठेवली असती तर हे पहिल्या आठवड्यात दिसलं असतं. अशी यंत्रं चालवणाऱ्या प्रत्येकाने प्रवाहाच्या रकान्याआधी या व्होल्टेजचा रकाना आखावा.

दाबाचा आकडाही फसवा होता. मापी पंपाच्या तोंडाशी होता आणि १०⁻⁷ टॉरचा (टॉर हे दाबाचं एकक) दिलासादायक आकडा दाखवत होता. जाळी आणि कॅथोडमधली २०० मायक्रॉनची फट मात्र पंपापासून दूर, चिंचोळ्या वाटेने जोडलेली. स्पंद चालू असताना अॅनोडमधून निघालेला वायू तिथे साचतो आणि मापीला उशिरा, विरळ होऊन कळतो. म्हणून नुसता स्थिर दाब पाहू नये; झोत चालू असताना दाब किती पटींनी चढतो तेही पाहावं. दहा पटींनी चढत असेल तर अॅनोड अजून नीट भाजलेला नाही.

वाळूजचा चेंबर

तेलाशिवाय आणखी एक त्रास जुनाच होता: चेंबर भाजूनही दाब अपेक्षेइतका उतरत नव्हता. चेंबर वाळूज एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये केला होता. तिथलं काम मापाला चोख असतं, गाड्यांच्या भागांवर बसलेला हात आहे. पण निर्वाताचं ड्रॉइंग तिथे रोज येत नाही. आतल्या बाजूला एम-४ च्या आंधळ्या भोकांत साधे स्क्रू होते. भोकाच्या तळाशी अडकलेली हवा आट्यांमधून दिवसेंदिवस झिरपते. याला आभासी गळती म्हणतात. बाहेरून हेलियम मारला तर गळतीशोधक गप्प राहतो, कारण बाहेरून आत काही येतच नाही.

ओळख पटवायला महागडं यंत्र लागलंच पाहिजे असं नाही. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दाब कसा चढतो ते दर मिनिटाला लिहायचं. सरळ रेषेत चढत राहिला तर खरी गळती. सुरुवातीला भराभर चढून मग मंदावला तर पृष्ठभागातून निघणारा वायू किंवा अडकलेली हवा. अवशिष्ट-वायू विश्लेषक असेल तर काम सोपं होतं: वस्तुमान-अंक १८ म्हणजे पाणी, २८ बरोबर १४ आणि ३२ दिसले तर हवा, ४१, ४३, ५५, ५७ ची रांग दिसली तर तेल.

उपाय सोपा आहे, पण तो ड्रॉइंगवर लिहावा लागतो. स्क्रूच्या मधून १ मि.मी.चं भोक, किंवा भोक आरपार. आतून पॉलिशचा मसाला लावून घासायचं नाही, तो स्टीलच्या सूक्ष्म खाचांत बसतो. पितळी फिटिंग आत नको, तापल्यावर जस्त उडतं. पाण्यात विरघळणारं कटिंग फ्लुइड वापरावं. नंतर डिटर्जंट, साधं पाणी, डिस्टिल्ड पाणी, अॅसिटोन आणि शेवटी आयसोप्रोपिल, याच क्रमाने धुवावं. डिटर्जंट गाळून थेट अॅसिटोनवर येणाऱ्यांच्या चेंबरमध्ये कटिंग फ्लुइडमधले क्षार तसेच राहतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या होणार आहेत. त्या कामाच्या निमित्ताने निर्वाताच्या सफाईची शिस्त या भागातल्या कारखान्यांत रुजली, तर अशा लहान प्रयोगशाळांचा मोठा फायदा होईल.

दुरुस्ती

अभ्रकाच्या जागी अॅल्युमिनाच्या चकत्या आल्या. त्यांच्या कडेला खाच पाडली, म्हणजे कार्बन किंवा धातूचा थर बसला तरी सलग वाट होत नाही. रोटरीच्या पुढे लाईट जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवला. पैसे असतील तर रोटरी काढून कोरडा स्क्रोल पंपच घ्यावा, तेलाचा विषय तिथेच संपतो. मापी ५ × १०⁻⁷ टॉरच्या वर गेला की जाळीचा पुरवठा आधी, अॅनोडचा नंतर तुटेल अशी साखळी रिलेने जोडली. ती संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोडायची नाही.

टर्बोच्या थंडाव्याचा प्रश्न मे महिन्यात वर आला. बोअरचं पाणी जड. त्याचे क्षार जॅकेटमध्ये साचून वाट अरुंद होते आणि ऐन उन्हाळ्यात पंप तापून बंद पडतो. डिस्टिल्ड पाण्याचा बंद चिलर हाच इलाज.

चेंबरला व्हायटॉन रबराचे ओ-रिंग असल्याने भाजणं १५० अंशांपर्यंतच ठेवलं, एक पूर्ण दिवस. तांब्याचे गॅस्केट असते तर २०० ते २५० अंशांपर्यंत जाता आलं असतं. मग अॅनोड कसायचा, म्हणजे हळूहळू पूर्ण व्होल्टेजला सरावायचा: आधी ३० किलोव्होल्ट, थोडे स्पंद, दाब उतरेपर्यंत थांबणं, मग ५ किलोव्होल्टची पुढची पायरी. ठिणगी पडली तर दोन पायऱ्या मागे. ठिणगीत मॉस्फेट मरतो, म्हणून तो २५०० व्होल्टचा घ्यावा आणि शेजारी व्होल्टेज-रोधक डायोड लावावा. २ किलोओहमचा रोध त्यासाठीही उपयोगी पडतो.

त्यानंतर उतार उणे १६,९०० वर आला. ५० मिलिअँपिअरला साधारण १६६० व्होल्ट. १९,१०० पासून १६,९०० पर्यंत जे परत आलं ते टोकांवर बसलेल्या थराचं होतं. १५,३०० पर्यंतची उरलेली तूट म्हणजे आयनांनी खाल्लेली टोकं, ती परत येणार नाहीत. कॅथोड टाकून द्यायची गरज मात्र पडली नाही.

मात्रेची बाजू

यापुढे कॅथोडच्या प्रवाहावरून मात्रा काढायची नाही असं ठरलं. अॅनोडचा प्रवाह वेगळा मोजायचा आणि झोताच्या कडेला मात्रा मोजणारा एक छोटा आयनीभवन कक्ष कायम ठेवायचा. त्याचं अंशशोधन (कॅलिब्रेशन) किरणोपचार केंद्रातल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाकडून करून घ्यायचं. ४० ते ३०० किलोव्होल्टसाठी एएपीएम या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची २००१ ची टीजी-६१ पद्धत आहे. फिल्म त्याच ऊर्जेच्या झोतात अंशशोधित करावी. लिनॅकवर (किरणोपचाराच्या जास्त ऊर्जेच्या यंत्रावर) काढलेला वक्र ८० किलोव्होल्टला तसाच वापरू नये.

१० सें.मी. हे अंतर सोयीचं दिसतं, पण १ मि.मी.ची चूक तिथे २ टक्क्यांची होते. ३५ मि.मी.च्या डिशच्या कडेला नुसत्या भूमितीने सुमारे ३ टक्के मात्रा कमी पडते, त्यात अॅनोडच्या तिरक्या पृष्ठभागाचा परिणाम वेगळा. २० सें.मी.वर गेलं तर हे बरंच सुधारतं, पण २ ग्रेला चाळीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ डिश इन्क्युबेटरबाहेर राहते. मधला मार्ग म्हणून डिश मंद फिरणाऱ्या तबकडीवर ठेवली आणि पेशी मधल्या २० मि.मी.तच वाढवल्या. माध्यम प्रत्येक डिशला मोजून २ मिलिलिटर. डिशखाली शिशाचा पत्रा नको, तिथून येणारे विखुरलेले किरण मात्रा बदलतात; अॅक्रिलिकचा जाड ठोकळा चालतो.

संरक्षक कपाटाचं गणित आधीच करावं लागतं. गाळणीनंतर १ मीटरवर उघडा झोत तासाला सुमारे १२० मिलिग्रे देतो, आणि सार्वजनिक मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (क्ष-किरणांसाठी साधारण १ मिलिग्रे) आहे. चेंबरचं स्टील आणि काच त्याला पुरत नाहीत. झोताच्या दिशेची शिशाची जाडी आणि बाकी भिंतींची जाडी वेगवेगळी काढायची. परवानगीचा अर्ज अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर जातो आणि किरण-सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. अंगावर लावायचे, मात्रा नोंदणारे टीएलडी बिल्ले तीन महिन्यांच्या फेऱ्यांत येतात, म्हणून कपाटाच्या दाराचा स्विच आणि सर्व्हे मीटर रोज सकाळी तपासायचे. बिल्ला झालेलं सांगतो, होणारं थांबवत नाही.

आता रोजच्या नोंदवहीत झोत सुरू करण्याआधीच्या ओळी अशा आहेत: स्थिर दाब, २ टक्के झोतावरचा दाब, ५०० व्होल्टला जाळीची गळती, ५० मिलिअँपिअरला मॉस्फेटवरचं व्होल्टेज, अॅनोडचा प्रवाह, कक्षाचं वाचन. ५०० व्होल्टची गळती २० मायक्रोअँपिअरच्या वर गेली किंवा अॅनोड-कॅथोड प्रवाहाचं गुणोत्तर ०.६३ च्या खाली आलं, तर त्या दिवशी पेशी बाहेर काढायच्या नाहीत.